उधारीची वही आणि बी.कॉम.चे पहिले वर्ष

दरवर्षी बारावीचा निकाल लागला की आमच्या दारासमोर चपलांची गर्दी होते. आम्ही शिकवतो उर्दू आणि मराठी. पण घाटंजीतल्या आईवडिलांचा असा पक्का समज आहे की ज्याने बी.एड. केले त्याला जगातले सगळे कोर्स ठाऊक असतात. चहा होतो, मार्कशीटची झेरॉक्स पुढे येते आणि प्रश्न ठरलेला असतो, "सर, आता पुढे काय?" आम्हीही मोठ्या थाटात सल्ला देतो. या वेळी आमच्या एका चुकलेल्या सल्ल्याची हकीकत सांगायची आहे. ज्या घराचे त्यात नुकसान झाले त्यांची परवानगी घेतली आहे. त्यांची अट एवढीच की नाव छापायचे नाही.

21 मे 2024 ला बारावीचा निकाल लागला. त्याच दिवशी संध्याकाळी ती आली. दहावीपर्यंत आमच्या वर्गात होती, पुढे कॉमर्स घेतले. 74 टक्के. सोबत अब्बा होते. बाजाराच्या रस्त्यावर त्यांचे किराण्याचे दुकान आहे, त्यांच्या वडिलांनी टाकलेले. मुलगी म्हणाली, "सर, मला बीबीए करायचं आहे." अब्बांनी विचारले, "ये क्या होता है?" आम्ही समजावून सांगितले की धंदा कसा चालवायचा, माणसे कशी सांभाळायची, पैसा कसा फिरवायचा, याचे शिक्षण असते. ते हसले. म्हणाले, "सर, तीस साल से वही तो कर रहा हूं."

मग आम्ही तो सल्ला दिला. "घाई नाही. बीबीएला कुठली परीक्षा नसते. जुलैत यवतमाळला जाऊ, फॉर्म भरू."

एक वर्ष आधी हे अगदी खरे होते. पण 2024-25 पासून बीबीए, बीएमएस आणि बीसीए हे अभ्यासक्रम अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या कक्षेत आले आणि महाराष्ट्रात सीईटी कक्षाने त्यांच्यासाठी पहिल्यांदाच प्रवेश परीक्षा ठेवली. ती परीक्षा 29 मे ला झाली. फॉर्मची मुदत आमच्या चहाच्या आधीच टळून गेली होती. हे आम्हाला कळले परीक्षा होऊन गेल्यावर, मोबाईलवर आलेल्या एका बातमीतून.

सांगायला आम्ही स्वतः त्यांच्या घरी गेलो. मुलगी काही बोलली नाही, फक्त ओढणीचे टोक बोटाला गुंडाळत राहिली. तिची अम्मी म्हणाली, "जाने दो सर, अल्लाह की मर्जी." हे वाक्य आम्हाला रागावण्यापेक्षा जास्त लागले. त्यात अल्लाहची मर्जी कमी आणि आमचा आळस जास्त होता. आम्ही तसे बोलूनही दाखवले.

पुढे झाले ते असे. राज्यात या अभ्यासक्रमांच्या जागा एक लाखाहून अधिक आणि परीक्षेला बसलेली मुले पन्नास हजारांच्याही आत. आमच्यासारखे बेखबर लोक गावोगाव होते म्हणायचे. शेवटी त्या वर्षी परीक्षा आणखी एकदा, ऑगस्टमध्ये घ्यावी लागली. काही संस्थांनी तर अभ्यासक्रमाचे नावच बदलून तो बी.कॉम.च्या खात्यात टाकला, म्हणजे सीईटी नको. आम्ही धावत दुकानात गेलो, दुसरी संधी आहे म्हणून. तोवर जुलै उजाडला होता आणि घरात वेगळीच चर्चा सुरू झाली होती.

घाटंजीहून यवतमाळला रोज अपडाऊन करणारी मुले-मुली पुष्कळ आहेत. एसटीचा पास निघतो, तासाभराच्या पुढचा रस्ता. अब्बांना बसची भीती नव्हती, त्यांना दुकानाची होती. थोरला मुलगा पुण्याला गोदामात कामाला जायचे म्हणत होता. दुकानात दुपारनंतर बसायला मुलगी आणि तिची अम्मी. मुलगी सकाळी सहाला घर सोडून संध्याकाळी पाचला परतली, तर दुकान कोण पाहणार? दुसरी गोष्ट ते आमच्यासमोर बोलले नाहीत, ती आम्हाला नंतर कळली. हंगामाचा माल भरायला हातात पैसा नव्हता. व्याजाने काढायचा नाही, हा त्यांचा जुना नियम. म्हणून अम्मीच्या हातातल्या दोन सोन्याच्या बांगड्या विकायचे ठरले होते.

शेवटी निर्णय मुलीनेच घेतला. गावात शिक्षण प्रसारक मंडळाचे सायन्स अँड गिलानी आर्ट्स, कॉमर्स कॉलेज आहे. घरून पायी जाता येते. तिने तिथे बी.कॉम.ला नाव घातले. ऑगस्टची सीईटी तिने दिलीच नाही. आम्हाला म्हणाली, "सर, बीबीएत जे शिकवतात त्यातलं निम्मं बी.कॉम.मध्ये आहे, मी सिलॅबस बघितला." आम्ही गप्प राहिलो. सिलॅबस बघायचे काम खरे तर आमचे होते.

आता थोडे शिकागोकडे वळतो. आमच्या मावसबहिणीची सून तिकडे राहते. लग्न होऊन गेली तेव्हा पदवी अर्धवट होती. दोन मुले झाली, मग वयाच्या बत्तिसाव्या वर्षी तिने 'कम्युनिटी कॉलेज'मध्ये बिझनेस ॲडमिनिस्ट्रेशनला नाव घातले. फोनवर ऐकले तेव्हा आम्हाला वाटले मोहल्ल्यातले शिवणकाम केंद्र असावे. तसे नव्हे. अमेरिकेत हा शिक्षणाचा चांगला रुळलेला रस्ता आहे. शिकागोजवळच्या जोलिएट गावात 1901 मध्ये अवघ्या सहा विद्यार्थ्यांवर असे पहिले सरकारी कॉलेज सुरू झाले. तिथल्या हायस्कूलचे प्रमुख आणि शिकागो विद्यापीठाचे अध्यक्ष या दोघांनी मिळून विचार केला की गावातल्या मुलांना घर न सोडता पदवीची पहिली दोन वर्षे गावातच का करू नयेत? ते कॉलेज आजही चालू आहे. दोन वर्षांत साधारण साठ क्रेडिट मिळवायचे, त्यात हिशेब, अर्थशास्त्र, संख्याशास्त्र, व्यापारी कायदा. मग हवे तर नोकरी धरा, नाही तर ते क्रेडिट घेऊन मोठ्या विद्यापीठात तिसऱ्या वर्षाला जा. फी विद्यापीठाच्या मानाने खूप कमी, वर्ग संध्याकाळचेही असतात. वर्गात सतरा वर्षांची पोरे आणि पन्नाशीचे ट्रक ड्रायव्हर शेजारी शेजारी बसतात, असे आमची सूनबाई सांगते. तिला पहिल्या दिवशी लाज वाटली होती. आठवड्यात गेली म्हणते.

आपल्याकडे हे नाव नवे असले तरी अगदी अनोळखी नाही. 1995 मध्ये पाँडिचेरी विद्यापीठाने आणि 1996 मध्ये चेन्नईतल्या ख्रिस्ती धर्मप्रांताने कम्युनिटी कॉलेज सुरू केले. 2009 मध्ये इग्नूने तशी योजना काढली, 2013-14 मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने काढली. योजना आल्या, कुठे टिकल्या, कुठे फलक तेवढे राहिले. आमच्या तालुक्यासारख्या ठिकाणी त्या नावाने कधी काही चालले असे आम्ही पाहिले नाही. पण नाव सोडून काम पाहिले तर दोन गोष्टी आपल्या हाताशी आहेत आणि त्या आपण वापरत नाही.

पहिली म्हणजे गावातले कॉलेज. नव्या शैक्षणिक धोरणाने पदवीला मधूनच बाहेर पडायचे आणि परत यायचे दार ठेवले आहे. एक वर्ष पूर्ण करून, कौशल्याचे थोडे जादा क्रेडिट घेऊन थांबलात तर सर्टिफिकेट, दोन वर्षांनी डिप्लोमा, तीन वर्षांनी पदवी, चौथे केले तर ऑनर्स. मिळवलेले क्रेडिट विद्यार्थ्याच्या नावावर जमा राहतात, बँकेत पैसे राहतात तसे. आपल्या समाजात मुलीचे शिक्षण दुसऱ्या वर्षी, निकाह ठरला म्हणून, तुटते. मुलाचे तुटते, दुकान किंवा पुणे-मुंबई म्हणून. त्या तुटलेल्या वर्षांची आजवर काहीच किंमत नव्हती, आता थोडी आहे. पण त्यासाठी कॉलेज सोडताना कागद नीट घेऊन निघावे लागते. आपली मुले सोडतात म्हणजे एका दिवशी जायचे बंद करतात.

दुसरी गोष्ट नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ. 1989 पासून ते मराठीतून शिकवते. पुस्तके मराठीत, परीक्षा मराठीत, आणि अभ्यास केंद्रे गावोगावच्या कॉलेजांतच. बी.कॉम. आहे, व्यवस्थापनाचे अभ्यासक्रम आहेत. लोक त्याला 'नोकरीवाल्यांची डिग्री' म्हणून नाक मुरडतात. आम्ही स्वतः मुरडत होतो. पुस्तके उघडून पाहिल्यावर ते बंद केले. ज्याला रोज वर्गात बसणे शक्य आहे त्याने वर्गातच बसावे, यात आमचे मत बदललेले नाही. पण ज्याला शक्य नाही त्याच्यापुढे मुक्त विद्यापीठ आणि रोजचे कॉलेज अशी निवड नसतेच. त्याची निवड मुक्त विद्यापीठ की काहीच नाही, अशी असते.

आणि ज्यांना बीबीएच करायचे आहे त्यांनी बारावीच्या जानेवारीपासूनच सीईटी कक्षाच्या सूचना पाहाव्यात. निकालाची वाट पाहणारा मागे राहतो. मणियार, बागवान, अत्तार, पिंजारी, तांबोळी अशा बिरादऱ्या राज्याच्या ओबीसी यादीत आहेत. जातीचा दाखला, नॉन क्रिमी लेयर आणि पडताळणी ही कामे अकरावीतच सुरू करावी लागतात. जुलै 2024 च्या शासन निर्णयाने, कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न 8 लाखांपर्यंत असेल आणि व्यावसायिक अभ्यासक्रमाला केंद्रीय प्रक्रियेतून प्रवेश घेतला असेल, तर ओबीसी मुलींचे शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क शासन भरते. ही माहिती आमच्या दारात येणाऱ्या दहा घरांपैकी दोघांनाही नसते.

आता पुन्हा दुकानात येऊ. खरी गोष्ट तिथेच आहे.

पहिल्या सत्रात तिला व्यवस्थापनाची तत्त्वे आली. त्यात आंरी फायोल नावाच्या फ्रेंच गृहस्थाची चौदा तत्त्वे असतात. हा माणूस मुळात खाणीचा इंजिनिअर, कोळशाची कंपनी चालवता चालवता जे उमगले ते त्याने 1916 मध्ये लिहिले. त्यात एक तत्त्व आहे की कामगाराला हुकूम देणारा एकच असावा. ती आम्हाला हसत हसत सांगत होती, "सर, आमच्या दुकानातल्या मुलाला अब्बा सांगतात पोती आत घे, अम्मी सांगते आधी झाडू मार, दादी आतून ओरडते दूध आण. तो बिचारा बाहेर जाऊन उभा राहतो." फायोलसाहेबांमुळे दादीचा हुकूम बंद झाला का? नाही. दादीला तत्त्वे लागू होत नाहीत.

हिशेबाच्या पुस्तकाने मात्र घरात खळबळ केली. नफा आणि हातातला पैसा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हा धडा तिने वाचला आणि उधारीची वही मागितली. अब्बा म्हणाले, "लाखभर असेल उधारी." तिने चार रात्री बसून बेरीज केली. 2 लाख 63 हजार निघाली. त्यातले 91 हजार दोन हंगामांपेक्षा जुने. शिवाय फडताळात न हलणारा माल, कुणीतरी स्कीममध्ये गळ्यात मारलेली शाम्पूची पाकिटे, मुदत संपलेले मसाले, तो वेगळाच.

मग तिने एका कागदावर दोन रेघा ओढल्या. यवतमाळच्या ठोक व्यापाऱ्याला पैसे द्यायचे महिन्याभरात. गिऱ्हाईक पैसे देणार कापूस विकल्यावर. मृगाला पेरणी, कापूस घरात येतो दिवाळीच्या आसपास, विकला जातो त्याही पुढे. म्हणजे दुकान जूनपासून पाच-सहा महिने गावाला बिनव्याजी कर्ज देते, आणि ते कर्ज देण्यासाठी लागणारा पैसा अम्मीच्या बांगडीतून येतो. वहीत नफा दिसतो, गल्ला रिकामा. अब्बा बराच वेळ त्या कागदाकडे पाहत राहिले. तीस वर्षे ज्याला ते 'बरकत नाही' म्हणत होते त्याला पुस्तकात एक नाव होते, खेळते भांडवल.

इथे आमच्यातला भाषेचा मास्तर थोडा मध्ये येतो. जमा, खर्च, बाकी, वसूल, रक्कम, नफा, हिशेब, माल, किंमत, दुकान, हे सगळे शब्द फारसी-अरबीतून मराठीत येऊन बसले आहेत. शाळेत मुले आम्हाला विचारतात की उर्दू मीडियमच्या मुलाला मराठी कॉमर्स कसे जमेल? आम्ही म्हणतो, अर्धे शब्द तुझ्या दादीच्या तोंडातलेच आहेत. तोटा तेवढा अस्सल इथला. किर्द, खतावणी आणि ताळेबंद पाठ करायला एक आठवडा लागतो, त्यापेक्षा जास्त नाही.

वसुली मात्र शब्दांनी होत नाही. तिने पहिल्या उत्साहात सगळ्यांना चिठ्ठ्या पाठवल्या. चौथ्या दिवशी एक वयस्क शेतकरी दुकानासमोर उभे राहून अब्बांना म्हणाले, "भाऊ, तुह्या बापापासून आमचं खातं हाय. आता पोरगी हिशेब मांगते काय?" आणि पुढच्या दुकानात गेले. अब्बांना रात्री झोप आली नाही. सकाळी ते त्यांच्या घरी जाऊन बसले, चहा पिऊन आले. मुलगी रुसली. तिचे म्हणणे, पैसे आपले आणि माफीही आपणच मागायची?

आम्हाला या भांडणात दोन्ही बाजू खऱ्या वाटल्या आणि आम्ही तसे सांगितले. उधारी लिहून ठेवावी, मुदत ठरवावी, साक्षीदार ठेवावे, हे कुणा व्यवस्थापनाच्या गुरूने सांगायच्या आधी कुरआन शरीफच्या सूरह बकराच्या 282 व्या आयतीत आले आहे, आणि ती कुरआनातली सर्वांत लांब आयत आहे. त्याच्या दोनच आयती आधी हेही आहे की कर्जदार अडचणीत असेल तर त्याला सवड द्यावी. मुलीने पहिले केले होते, अब्बा दुसरे करत होते. 2017 च्या हंगामात गुलाबी बोंडअळीने यवतमाळ जिल्ह्यातला कापूस खाल्ला, तेव्हा देणार कुठून? पुस्तकातल्या उधारीच्या धड्यात बोंडअळी नाही.

मग बापलेकीने बसून वही पुन्हा लावली. ज्यांना देता येत नाही ते एका पानावर, ज्यांना द्यायचे नाही ते दुसऱ्या पानावर. दुसऱ्या पानावर शेतकरी थोडेच निघाले. पगारदार जास्त निघाले. पहिल्या पानावरच्यांना पुढच्या कापसापर्यंत सवड, पण नवी उधारी ठरलेल्या रकमेपर्यंतच. दुसऱ्या पानावरच्यांकडे अब्बा स्वतः गेले, मुलगी नाही. ते वयस्क शेतकरी दिवाळीनंतर परत आले. दोन गिऱ्हाईके कायमची गेली. मुदत संपलेला माल फेकला, चालणारा उरलेला माल कमी भावात काढला. वर्षाच्या शेवटी 91 हजारांतले साधारण 40 हजार वसूल झाले. एक बांगडी मात्र जूनमध्येच विकली गेली होती, ती गेली. दुसरी राहिली.

थोरला भाऊ शेवटी पुण्याला गेलाच. सगळे काही ताळ्यावर येत नाही.

दुसऱ्या पानाविषयी एक कबुली द्यायची राहिली. पगारदारांच्या त्या यादीत सातव्या ओळीवर 'सर' असे लिहिलेले होते आणि पुढे 1340 रुपये. ईदच्या वेळचे शेवया, सुकामेवा आणि नंतरची साखर. ती वही दाखवताना मुलीने त्या ओळीवर अंगठा ठेवला होता, पण आम्ही मास्तर आहोत, मुले अंगठ्याखाली काय लपवतात ते आम्हाला दिसते. पैसे त्याच वेळी दिले. तिने पावती फाडून दिली, त्यावर तारीख घातली आणि ओळ खोडली.

आता तिचे दुसरे वर्ष संपत आले आहे. टॅली शिकून झाले. जीएसटीची नोंदणी दुकानाला अजून लागत नाही, उलाढाल त्या मर्यादेच्या खूप खाली आहे, हे तिने स्वतः शोधून काढून अब्बांची एक जुनी भीती घालवली. बीबीए हुकल्याचे दुःख तिला आता आहे का, असे आम्ही एकदा विचारले. म्हणाली, "आहे ना सर. तिथे प्रोजेक्ट करायला कंपनीत पाठवतात, इंग्रजीत बोलायला उभं करतात. इथे तसं नाही." खोटे बोलून आम्हाला बरे वाटू द्यावे असे तिला वाटले नाही, हे आम्हाला आवडले. पदवीनंतर एमबीएची सीईटी द्यायची म्हणते. त्या वेळी तारखा आम्ही नाही, तीच पाहणार आहे.

परवा ती पुन्हा आली, पण स्वतःच्या कामासाठी नाही. अम्मीला मुक्त विद्यापीठातून बी.कॉम. करायचे आहे. अम्मी 2001 ची बारावी, आर्ट्स, उर्दू मीडियम. दुकानाचा अर्धा कारभार वीस वर्षे तिनेच पाहिला, वहीतले निम्मे अक्षर तिचे. अब्बा काय म्हणतात, असे आम्ही विचारले. "अब्बा म्हणाले, अम्मी पास झाली तर दुकानात दोन मॅनेजर आणि मी एकटा नोकर." म्हणजे राजी आहेत.

अडचण कागदाची आहे. मार्कशीट माहेरच्या नावाची, आधार कार्ड सासरच्या नावाचे. निकाहनाम्याची प्रत घरात सापडत नाही. निकाह दिग्रसला झाला होता, तेव्हाचे काझीसाहेब आता हयात नाहीत, रजिस्टर त्यांच्या मुलाकडे आहे. अब्बा येत्या आठवड्यात दिग्रसला जाणार आहेत. या वेळी आम्ही सल्ला देण्याआधी अभ्यास केंद्रात जाऊन फॉर्मची शेवटची तारीख विचारून आलो, आणि ती कागदावर लिहून दुकानातल्या कॅलेंडरला टाचली आहे.